क्लचला ग्रीस किती? बोटाच्या टोकावर मावेल एवढंच!
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मशीन डिझाइनच्या पेपरात क्लचवर एक प्रश्न हमखास येतो. घर्षणांक दिलेला, दाब दिलेला, आतला-बाहेरचा व्यास दिलेला. आपण 'युनिफॉर्म वेअर' धरतो, सूत्रात आकडे घालतो, टॉर्क काढतो आणि मार्क खिशात घालून मेसकडे निघतो. त्या गणितात घर्षणांक हा 'दिलेला' असतो. खऱ्या गाडीत तो कुणी आणून देत नाही, आपल्या हातानं राखावा लागतो. आणि तो बिघडवायला चिमूटभर ग्रीस पुरतं. म्हणून क्लच बसवताना कुठे तेल द्यायचं, कुठे ग्रीस लावायचं आणि कुठे हातसुद्धा लावायचा नाही, यावर हा लेख.

निमित्त आहे आपल्या ऑटो लॅबच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधला ट्रक. येता-जाता सगळ्यांनी पाहिलाय, पण फार कमी जणांना माहीत आहे की तो १९४८ सालचा शेव्हरोलेट आहे. सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे शेव्हरोलेटचं ते प्रसिद्ध २१६ घनइंची. त्या काळी कंपनी त्याची ताकद ९० हॉर्सपॉवर सांगायची. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. १९५० नंतर सरकारी धोरण बदललं आणि नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. तोवर मात्र शेव्हरोलेटचे ट्रक आपल्याकडच्या रस्त्यांवर चांगलेच रुळले होते. त्या पिढीतला हा एक.

यंदा त्याचा क्लच बदलायचा ठरला. प्लेट घासून रिव्हेटपर्यंत आली होती. नवी मिळेना, म्हणून जुन्या प्लेटवरच नवं लायनिंग मारून घेतलं. पैसे वसतिगृहाच्या वर्गणीतून आले. गिअरबॉक्स उतरवायला चार माणसं आणि अख्खा शनिवार लागतो. त्यात आपला कॉलेजचा रस्ता म्हणजे गेटपासून वसतिगृहापर्यंत चढच. चढावर भरलेला ट्रक उभा आहे, ड्रायव्हरनं ब्रेक सोडून क्लच धरायला घेतला आणि क्लचनं धरलंच नाही, तर ट्रक मागे येतो. मागे कोण उभं आहे हे त्याला कळत नाही. तेव्हा प्रश्न नुसत्या दुरुस्तीचा नव्हता.

आधी दोन ओळी क्लचबद्दल

इंजिनच्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हील. त्याला बोल्टनं बसलेली प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये, सँडविचमधल्या काकडीसारखी, क्लचप्लेट. क्लचप्लेटच्या मधल्या हबला आतून दाते असतात (स्प्लाइन). त्यातून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट जातो. या शाफ्टचं पुढचं टोक क्रँकशाफ्टच्या भोकातल्या पायलट बुशमध्ये टेकतं. पेडल दाबलं की फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला दाबतं आणि क्लचप्लेट मोकळी होते. या शेव्हरोलेटमध्ये डायफ्रॅम स्प्रिंग आहे. आज आपण जी 'मॉडर्न' म्हणून शिकतो, ती या कंपनीनं १९४० च्या आधीच वापरायला घेतली होती.

आता गंमत बघा. या एवढ्याशा जागेत दोन विरुद्ध स्वभावाची माणसं शेजारी राहतात. लायनिंग, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांना घर्षण हवं. स्प्लाइन, बुश, बेअरिंग आणि फोर्क यांना घर्षण नको. मध्ये भिंत नाही. एकाचं ग्रीस दुसऱ्याच्या घरात गेलं की भांडण ठरलेलं.

गणित करून बघू

समजा लायनिंगचा बाहेरचा व्यास २७० मिमी, आतला १६५ मिमी. सरासरी त्रिज्या झाली १०९ मिमी. स्प्रिंगचा दाब समजा ६,००० न्यूटन. घासणाऱ्या बाजू दोन. कोरड्या लायनिंगचा घर्षणांक ०.३५ धरू.

टॉर्क = २ × ०.३५ × ६,००० × ०.१०९ = सुमारे ४५८ न्यूटन-मीटर.

इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क २३५ च्या आसपास. म्हणजे क्लचची क्षमता जवळजवळ दुप्पट. छान!

आता लायनिंगवर तेलाचा ओशट थर बसला आणि घर्षणांक ०.१२ वर आला असं धरा. तोच दाब, तीच त्रिज्या. उत्तर येतं १५७. इंजिन २३५ देतंय आणि क्लच १५७ च्या वर धरूच शकत नाही. फरक उष्णतेत जातो, लायनिंग जळतं, तो ओळखीचा वास येतो. उलटं गणित केलं तर कळतं की घर्षणांक ०.१८ च्या खाली गेला की पूर्ण ताकदीला क्लच घसरणारच. दुप्पट सुरक्षितता गिळायला एक ओशट थर पुरे!

मग कुणी म्हणेल, ग्रीस तर मध्ये हबला लावतोय, लायनिंग तिथून लांब आहे, ते तिथे पोचेल कसं? त्याचंही गणित आहे. इंजिन ३,३०० आरपीएमवर फिरतंय. स्प्लाइनची त्रिज्या १४ मिमी धरली तर तिथलं केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वाच्या सुमारे १७० पट येतं. म्हणजे हबवर राहिलेल्या एक ग्रॅम ग्रीसला १७० ग्रॅमच्या वजनाएवढी ओढ बाहेर खेचते. तेच ग्रीस लायनिंगच्या आतल्या कडेला पोचेपर्यंत ही ओढ हजार पटीवर जाते. वरून क्लचची उष्णता ग्रीसला पातळ करत असतेच. जास्तीचं ग्रीस आत 'राहील' ही आशाच सोडून द्या.

मग मुळात लावायचंच कशाला?

हा प्रश्न आमच्यातल्या एकानं वर्कशॉपच्या मामांना विचारला. "मामा, एवढी भीती असेल तर सगळं कोरडंच बसवू की." मामा म्हणाले, "कोरडं बसव आणि मग रिव्हर्स टाकून दाखव."

मामांच्या त्या एका वाक्यात निम्मा लेख आहे. पेडल दाबल्यावर क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून सुटायची असेल, तर तिला शाफ्टच्या दात्यांवरून मिलिमीटरच्या काही दशांश एवढं सरकता आलं पाहिजे. दाते कोरडे आणि गंजलेले असतील तर ती अडकते, फ्लायव्हीलला चिकटून थोडी फिरत राहते. पेडल पूर्ण दाबलंय, तरी शाफ्ट फिरतोय. गिअर टाकताना जी कचकच होते ती हीच. याला 'ड्रॅग' म्हणतात.

कोरड्या दात्यांचं आणखी एक दुखणं आहे. इंजिनचे धक्के सतत येत असतात, त्यामुळे हब आणि शाफ्टचे दाते एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासतात. धातूचे कण सुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्यांची लालसर-तपकिरी पूड होते आणि ती पूड पॉलिश पेपरसारखी काम करते. मटेरियल्सच्या पुस्तकातलं 'फ्रेटिंग करोजन' ते हेच. आमच्या शाफ्टवर ही पूड हाताला लागत होती. पातळसा थर दिला की घासणंही कमी आणि हवेचा शिरकावही कमी.

थोडक्यात सूत्र असं: क्लच घसरतो, म्हणजे नको तिथे वंगण गेलंय. क्लच सुटत नाही, म्हणजे हवं तिथे वंगण नाही. दोन्हीला इतर कारणंही असतात (झिजलेली प्लेट, चुकीचं ॲडजस्टमेंट, दमलेली स्प्रिंग), पण नुकत्याच बसवलेल्या क्लचमध्ये आधी संशय इथेच घ्यावा.

ग्रीस म्हणजे नक्की काय?

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. ग्रीस म्हणजे साबणात अडकवलेलं तेल. साबणाच्या तंतूंचं जाळं स्पंजसारखं तेल धरून ठेवतं आणि गरजेप्रमाणे थोडं थोडं सोडतं. कुठला साबण वापरला यावर ते किती उष्णता सोसेल हे ठरतं. पाण्याच्या पंपाला वगैरे लावतात ते जुन्या पद्धतीचं कॅल्शियम ग्रीस साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेरच वितळायला लागतं. लिथियम ग्रीस १८० च्या पुढे टिकतं. लिथियम कॉम्प्लेक्स त्याहून बरंच वर, अडीचशेच्या पुढे. क्लचच्या कोंदट घरात कॅल्शियम ग्रीस लावणं म्हणजे उन्हात तूप ठेवणं.

काळं दिसणारं मोली ग्रीस तुम्ही पाहिलं असेल. त्यात मोलिब्डेनम डायसल्फाइडची पूड असते. तिचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात. ग्रीसमधलं तेल उडालं, दाबानं बाजूला गेलं, तरी ही पूड पृष्ठभागावर राहते. ज्या जागी हालचाल थोडी पण दाब जास्त, म्हणजे स्प्लाइन, फोर्कची टोकं, पिव्हट, तिथे ते योग्य.

पायलट बुश: इथे ग्रीस नाही, तेल

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली जागा. आमच्या ट्रकमध्ये पायलट बेअरिंगऐवजी छोटा ब्राँझ बुश आहे. कुठल्यातरी गॅरेजात पूर्वी कुणीतरी तो ग्रीसनं गच्च भरला होता. ते वाळून डांबर झालं होतं.

हा बुश ओतीव नसतो. ब्राँझची पूड दाबून, भट्टीत भाजून तो करतात. त्यामुळे त्याच्या आकारमानाचा जवळजवळ पाचवा हिस्सा बारीक छिद्रांचा असतो आणि ती छिद्रं तेलानं भरलेली असतात. शाफ्ट फिरला, बुश तापला की तेल बाहेर येतं. थंड झाला की केशाकर्षणानं परत आत शोषलं जातं. मोटारींमध्ये हे तंत्र १९३० च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं रूढ केलं. अशा बुशला ग्रीस लावलं की साबण छिद्रांच्या तोंडाशी बसतो आणि आतलं तेल बाहेर यायची वाटच बंद होते. चांगलं करायला गेलो आणि बुश कोरडा पडला!

म्हणून नवा बुश आदल्या रात्री एसएई ३० इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. घाई असेल तर एक युक्ती: बुशच्या एका तोंडाला अंगठा, भोकात तेल, दुसऱ्या तोंडाला दुसरा अंगठा, आणि जोरात दाबायचं. काही क्षणांत बुशच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटतात. धातूला घाम येताना पाहायचा असेल तर जरूर करून बघा. बसवताना बाहेरचं अंग पुसायचं, भोकात बोटभर तेल फिरवायचं, बस्स.

एवढंसं तेल पुरतं का? पुरतं. क्लच धरलेला असताना क्रँकशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, म्हणजे बुशमध्ये घासणं शून्य. काम पडतं ते फक्त पेडल दाबलेलं असताना.

जुना बुश काढायचीही मजा आहे. बुशमागच्या पोकळीत ग्रीस ठासायचं, भोकात बरोब्बर बसेल असा दांडा घालायचा आणि हातोडी मारायची. पास्कलचा नियम! ग्रीसला जायला जागा नाही, ते मागून बुशला ढकलतं आणि बुश दांड्यावरून सरकत बाहेर येतो. पण नंतर त्या पोकळीतलं सगळं ग्रीस कोरून, पुसून काढायचं. ते मागे राहिलं तर गरम होऊन कुठे जाणार, हे वरच्या गणितात आलंच आहे.

(ज्या गाड्यांत बुशऐवजी पायलटला बॉल बेअरिंग असतं, तिथे ही तेलाची गोष्ट लागू नाही. सीलबंद असेल तर काहीच लावू नये, उघडं असेल तर उष्णता सोसणारं ग्रीस, थोडंसं.)

रिलीज बेअरिंग

बेअरिंगच्या आत ग्रीस भरून कारखान्यातूनच येतं. त्याला रॉकेलात किंवा डिझेलात धुऊ नका. धुतलं की आतलं ग्रीस पातळ होतं, महिनाभरात बाहेर येतं आणि बेअरिंग ओरडायला लागतं. फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचं. ग्रीस लावायचं ते बेअरिंगच्या कॉलरच्या आतल्या खाचेत, आणि कॉलर ज्या नळीवरून सरकतो त्या नळीवर पातळ हात. ही नळी आधी बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्यावी.

जुन्या ब्रिटिश गाड्या हाताळणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. त्यांतल्या अनेकांमध्ये बॉल बेअरिंगच्या जागी कार्बनची जाड कडी असते. ती कोरडीच चालते. कार्बन स्वतःच वंगण आहे. तिला तेल-ग्रीस लावलं तर धुळीशी मिळून लगदा होतो. आता एक गमतीची माहिती: ग्रॅफाइट जातीचा कार्बन गुळगुळीत राहायला हवेतली थोडी वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश भराभर झिजायला लागले, तेव्हा हे कळलं. वरच्या कोरड्या हवेत वाफच नव्हती!

कुठे, काय, किती: भिंतीवर चिकटवण्यासाठी

• इनपुट शाफ्टचे दाते: मोली ग्रीस, दात्याचा रंग जेमतेम बदलेल इतकं. क्लचप्लेट शाफ्टवर दोन-तीनदा सरकवायची, काढायची, हबच्या दोन्ही तोंडांशी साठलेलं सगळं पुसायचं.
• पायलट बुश: एसएई ३० तेल. ग्रीस नाही.
• रिलीज बेअरिंगच्या कॉलरची खाच: खाच भरेल इतकं लिथियम ग्रीस.
• बेअरिंगची नळी: पातळ थर.
• फोर्कचा पिव्हट (आमच्याकडे गोल डोक्याचा बॉल आहे) आणि फोर्कची दोन टोकं: वाटाण्याएवढं मोली ग्रीस.
• पेडलचा शाफ्ट, बाहेरचे दांडे, क्लेव्हिस पिन: ग्रीस गन किंवा तेल, सढळ हातानं. हे क्लचच्या घराबाहेर आहे.
• लायनिंग, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट यांचे घासणारे चेहरे: काहीही नाही. बोटाचा ठसासुद्धा नाही.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं. नव्या किंवा मशीन करून आणलेल्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो थिनरनं स्वच्छ पुसायचा, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. लायनिंगला तेल लागलं तर मात्र धुण्यात अर्थ नाही. लायनिंग सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं. वरून पुसलं तरी तापल्यावर परत वर येतं. बदलणं हाच उपाय. आणि बसवण्याआधी इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूनं तेल झिरपत नाही ना, हे बघा. नाहीतर आपण चिमटीनं ग्रीस लावतोय आणि मागून धार लागली आहे, असा प्रकार व्हायचा.

पुढच्या काळातल्या गाड्यांत क्लच हायड्रॉलिक असतो. त्याच्या रबरी सीलना साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागता कामा नये, रबर फुगतं. तिथे ब्रेक फ्लुइड किंवा खास रबर ग्रीसच.

एक गंभीर गोष्ट

जुन्या क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. क्लचचं घर उघडल्यावर जी राखाडी धूळ दिसते, तिच्यात त्याचे तंतू असू शकतात. ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची सवय अनेक ठिकाणी आहे. कृपा करून करू नका. हे तंतू फुप्फुसात अडकतात आणि त्यातून होणारा कॅन्सर वीस-तीस किंवा त्याहून जास्त वर्षांनी दिसतो. तोवर कुणाला आठवतही नाही की कधीतरी एका शनिवारी आपण क्लच साफ केला होता. नाकाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. आम्ही आधी सगळं पाण्यानं ओलं केलं, ओल्या फडक्यांनी पुसलं, ती फडकी ओली असतानाच पिशवीत बांधली आणि योग्य मास्क वापरले. लॅबमधल्या सरांनी याशिवाय पाना उचलूच दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

बसवल्यानंतरची परीक्षा

पेडलला पाऊण ते एक इंच मोकळा खेळ ठेवायचा, म्हणजे एरवी रिलीज बेअरिंग स्प्रिंगपासून दूर राहतं. (पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असलेल्यांनी नोंद घ्यावी, तुमचं बेअरिंग अखंड फिरत असतं.) मग दोन परीक्षा.

पहिली ड्रॅगची. इंजिन आयडलला, पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. शाफ्ट थांबलेला असेल तर गिअर गुपचूप पडतो. दुसरी घसरण्याची. समोर-मागे कुणी नाही हे बघा, चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडलं, तर क्लच धरतोय. इंजिन खुशाल चालूच राहिलं, तर घसरतोय. ही परीक्षा एकदाच करायची, मजा म्हणून पुन्हा पुन्हा नाही. नवं लायनिंग जाळायचा तो हमखास मार्ग आहे.

आमच्या ट्रकला रिव्हर्स आवाज न करता पडला आणि दुसऱ्या परीक्षेत इंजिन लगेच बंद पडलं. या कामात बंद पडलेल्या इंजिनचा आनंद होतो!

आता पुढचं काम आहे ब्रेकचं. ते झाल्याशिवाय ट्रक शेडबाहेर काढायचा नाही असं ठरलं आहे. दर शनिवारी दुपारी दोननंतर आम्ही शेडमध्ये असतो. सेकंड इयरवाल्यांनी जरूर यावं, जुने कपडे घालून. मामा मे महिन्यात रिटायर होत आहेत. ग्रीस किती लावायचं हे ते आकड्यात सांगत नाहीत, बोटावर घेऊन दाखवतात. आकडे आम्ही वर लिहिलेच आहेत, ते बोट तेवढं प्रत्यक्ष येऊन बघा.